जोडीतली दुसरी किल्ली

किल्लीवाल्याच्या हातून कधी एकच किल्ली निघाली नाही. कुलूप कुणाचंही असो, तो दोन कापायचा. एखादं गिऱ्हाईक म्हणायचं, अहो एक पुरे, मी एकटाच राहतो. तरी तो दुसरी कानशीवर घासून, फुंकर मारून त्याच्या हातावर ठेवायचा. "आज एकटे आहात," म्हणायचा. "कुलूप माणसापेक्षा जास्त टिकतं." लोक हसायचे आणि दोन्ही घेऊन जायचे.

रस्त्याच्या कडेला त्याची टपरी होती. पुढे फळी, फळीवर किल्ली घट्ट धरणारा शेगडा, मागे खिळ्यांना टांगलेल्या शेकडो कोऱ्या किल्ल्या. वारा आला की त्या एकमेकींना लागून किणकिणायच्या, आणि दिवसभर तेवढीच त्याला सोबत. पस्तीस वर्षांत किल्ल्यांचे दाते त्याच्या बोटांना पाठ झाले होते. गिऱ्हाईक हरवलेल्या किल्लीबद्दल सांगू लागलं की तो आधी एकच विचारायचा, ती कुणाच्या हाती पडली असेल असं वाटतं का? उत्तर "काय माहीत" असं आलं, तर तो किल्ली कापत नसे, कुलूप बदलायला सांगे. अनोळखी किल्ली फिरते आहे असं कळल्यावर घरात निवांत बसणाऱ्याला तो मूर्ख म्हणत असे.

त्याची स्वतःची खोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला होती. तिन्ही अंगांनी हात-हातभर जाडीच्या दगडी भिंती. उन्हाळ्यात गार, पण फोनला रेंज शून्य. बोलायचं तर गल्लीतल्या दिव्याच्या खांबापर्यंत जावं लागे. तीन वर्षांपूर्वी लेक परदेशातून आली तेव्हा तिनं नेट घेतलं, खोलीतल्या फळीवर राउटरची पांढरी डबी बसवली आणि त्याच्या फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करून दिलं. "हे बटण हिरवं राहू द्या," म्हणाली. "मग रेंज नसली तरी तुमचा हाच नंबर घरात वाजेल." खरं-खोटं करायला ती खांबापाशी जाऊन उभी राहिली आणि तिनं फोन लावला. त्या खोलीत पहिल्यांदाच घंटी वाजली. त्याची बायको इतकी दचकली की हातातलं भांडंच खाली आलं. "भिंतीला कंठ फुटला गं बाई," म्हणाली. पासवर्ड बायकोचंच नाव आणि पुढे एक-दोन-तीन-चार असा ठेवला होता. बायको वारली त्याला आता दीड वर्ष झालं. पासवर्ड तोच राहिला.

गेल्या बुधवारी लेकीचा फोन आला तो दोन गोष्टींसाठी. पहिली मोठी होती. तिला तिकडे घर बदलायचं होतं. एक घर दोन खोल्यांचं होतं, एक एका खोलीचं. "बाबा, तुम्ही येऊन राहणार असाल तर मी दोन खोल्यांचं घेते. घरमालकाला रविवारी सांगायचंय. तुमच्याकडच्या अकराला फोन करते, बाराच्या आत मला उत्तर हवं. बघू म्हणायचं नाही." त्यानं सवयीनं "बघू" म्हटलंच, आणि ती हसली. दुसरी गोष्ट लहान होती. तिनं त्याला राउटरचं पान उघडायला शिकवलं. नेटवर कोण कोण आहे ते तिथं दिसतं, पासवर्डही तिथंच बदलता येतो. आईचं नाव आणि एक-दोन-तीन-चार, असं कुणी ठेवतं का? हे म्हणजे कुलपाशेजारीच किल्ली टांगणं झालं, आणि तेही किल्लीवाल्याच्या घरात. सुरक्षेचे प्रकार तीन दिसतील, त्यातला सगळ्यात पक्का निवडा, म्हणाली. पुढचं सांगणार तोच तिची जेवणाची सुट्टी संपली.

शनिवारी संध्याकाळी टपरी बंद करून आल्यावर त्यानं ते पान उघडलं. यादीत दोन ओळी होत्या. एकीवर त्याच्या फोनचं नाव. दुसरीवर नुसती अक्षरं आणि आकडे, एखाद्या गाडीच्या नंबरासारखे. घरात माणूस एक आणि ओळी दोन. त्यानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कुणीतरी आत होतं. कधीपासून होतं कोण जाणे, त्याच्या बायकोच्या नावानं दार उघडून आत येत होतं.

अशा वेळी काय करायचं हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यानं पक्का प्रकार निवडला. पासवर्ड म्हणून टपरीच्या कुलपाच्या किल्लीचे दाते घेतले, कोणता किती खोल त्याचे आकडे आणि मधे मधे अक्षरं. कागदावर काही लिहिलं नाही, ते बोटांत होतंच. बटण दाबलं. डबीवरचे दिवे विझले, पुन्हा लागले. ते पान मात्र परत उघडेना. त्याला बरंच वाटलं. मालकालासुद्धा वाकून बघता येत नाही, म्हणजे कुलूप चांगलं बसलं. आपल्या फोनचं काय, हा प्रश्न त्याच्या मनात आलाच नाही. पस्तीस वर्षांत त्यानं हजारो कुलपं बदलली होती. कुलूप बदललं म्हणून घरात बसलेला माणूस कधी बाहेर फेकला गेला नव्हता.

रविवारी तो लवकर उठला. दाढी केली. लेकीला काही दिसणार नव्हतं, तरी धुतलेला शर्ट घातला. उत्तर त्याचं बुधवारीच ठरलं होतं. येतो म्हणायचं. टपरी शेजारच्या चांभाराला द्यायची, कानशी तेवढ्या बरोबर न्यायच्या. हे सगळं एका दमात सांगता यावं म्हणून त्यानं चहा पिता पिता दोनदा पुटपुटून पाहिलं. 

अकरा वाजले. फोन पाटावर समोर ठेवलेला. सव्वाअकराला त्यानं बटण दाबून पाहिलं, काच उजळली, घड्याळ बरोबर होतं, फोन जिवंत होता. वरच्या कोपऱ्यातल्या बारीक खुणांकडे तो कधी बघत नसे. पाणी यायची वेळ झाली, पण तो नळावर गेला नाही. मधेच वाजला तर? साडेअकरा. आपणच लावावा असं एकदा वाटलं. मग वाटलं, तिनं विचार बदलला असेल. विचारायची म्हणून विचारलं असेल पोरीनं. आता आपण फोन करायचा म्हणजे खोली मागितल्यासारखं. तो तसाच बसून राहिला. गल्लीत गेला असता तर दिव्याच्या खांबाखाली तोच फोन चार वेळा वाजला असता. पण तो त्या फोनसाठीच तर घराबाहेर पडत नव्हता.

बारा वाजले. मग साडेबारा. त्यानं शर्ट काढून खुंटीला अडकवला.

दोनच्या सुमारास दारावर टकटक झाली. वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या ताई होत्या, त्याच्या बायकोच्या मैत्रीण. बायको गेल्यापासून त्या त्याच्या दाराशी आल्या नव्हत्या. जिन्यापाशी भेट झाली की मान हलवायच्या, तोही हलवायचा. आज हातात फोन आणि एक घडी घातलेली चिठ्ठी होती.

"भावजी, तुमचं नेट बंद आहे का हो?" त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं. "रविवारी माझ्या बहिणीचा फोन असतो. तिचं ऑपरेशन झाल्यापासून एकही रविवार चुकला नाही. वर माझ्याकडेही रेंज नाही. तुमच्या घरातनं वहिनींनी दिलं होतं. तुम्हाला ठाऊक असेल असं मला वाटलं."

त्यांनी चिठ्ठी पुढे केली. बायकोचं अक्षर. नावातल्या शेवटच्या अक्षराची शेपटी ती नेहमी लांब ओढायची, तशीच ओढलेली. खाली एक-दोन-तीन-चार.

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती. चोर मुळात नव्हताच. त्याच्या बायकोनंही जोडीतली दुसरी किल्ली कापून ठेवली होती, फक्त नवऱ्याला सांगायचं राहिलं होतं.

त्यानं त्यांना आत बोलावलं, कुलूप बदलल्याचं सांगितलं, कारण मात्र सांगितलं नाही. त्यांच्या फोनमध्ये स्वतः दाते घातले. एका दमात जोडला गेला.

"तुमच्यात घातलात का?" ताईंनी विचारलं.

"माझा आतच आहे."

"तुम्ही बदललंत तेव्हा माझाही आतच होता की."

त्यानं फोन उचलला. वरच्या कोपऱ्यातल्या खुणेवर आडवी रेघ होती. नव्या कुलपाची किल्ली त्यालाही परत लावावी लागली. लावली, तसा फोन हातात थरथरला, एकामागून एक सूचना आल्या. ताई हळूच उठल्या, चिठ्ठी पाटावर ठेवून वर गेल्या.

त्यानं लेकीला फोन लावला.

"बाबा, बरे आहात ना?" ती आधी हेच म्हणाली. मग सांगू लागली. चार वेळा लावला, लागतच नव्हता. सव्वाबारापर्यंत थांबले. मग वाटलं, तुम्हीच बंद करून ठेवलात. "तोंडावर नाही म्हणणं तुम्हाला कधी जमलं नाही. आई काही विचारायला लागली की कानस घेऊन बसायचात." घरमालक दारात उभा होता. तिनं एका खोलीचं घेतलं.

"बरं केलंस," तो म्हणाला. "एका माणसाला एक खोली पुरते."



"बाबा, खरं सांगा. हो म्हणणार होतात का?"

त्याची नजर खुंटीवरच्या शर्टाकडे गेली. आता हो म्हटलं तर ती ते ओझं त्या एका खोलीत जन्मभर वागवेल.

"छे गं," तो म्हणाला. "टपरी कोण बघेल? चांभाराला किल्ली आणि खिळा यातला फरक कळत नाही."

ती हसली. त्या हसण्यात सुटका किती आणि वाईट वाटणं किती, ते त्याला ओळखता आलं नाही. एवढ्या लांबच्या कुलपाचे दाते बोटांना लागत नाहीत.

संध्याकाळी त्यानं पुन्हा यादी उघडली. दोन ओळी होत्या. वरून बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, मधेच ताईंचं हसणं. थोड्या वेळानं हसणं थांबलं, ताईंनी फोन बंद करून ठेवला असावा, दुसरी ओळ यादीतून निघून गेली. तो राहिलेल्या एका ओळीकडे बघत बसला.

मग त्यानं एक कागद घेतला, त्यावर नवे दाते आकड्यांत आणि अक्षरांत नीट लिहिले, आणि घडी करून सकाळी वर द्यायला दाराशी ठेवला. बायकोची चिठ्ठी त्यानं किल्ल्यांच्या डब्यात टाकली, जिथं मालक न्यायला न आलेल्या किल्ल्या तो ठेवायचा.