मैदानाची खालची बाजू

आमच्या मुलींच्या कॉलेजची फुटबॉल टीम गेल्या वर्षी विद्यापीठात पहिली आली. तेव्हापासून जो तो मला एकच विचारतो, "मॅडम, इस साल क्या?" भाजीवाला विचारतो, मदन महल स्टेशनजवळचा चहावाला विचारतो, बँकेतून दमून आलेला नवरासुद्धा विचारतो. जसं काही गोल मीच मारणार आहे! मी भूगोल शिकवते. मुलींच्या टीमबरोबर एक बाईमाणूस लागतं म्हणून प्राचार्यांनी काही वर्षांपूर्वी मला मॅनेजर केलं. तेव्हा ऑफसाइड कशाशी खातात हे मला ठाऊक नव्हतं. अजूनही नीटसं कळलेलं नाही, पण आता कुणी विचारलं तर मी डोळे वटारते आणि ते गप्प बसतात.

या वर्षीचं उत्तर मात्र एका मुलीपाशी येऊन अडलं होतं. शनिवारी अठरा जणींची यादी द्यायची होती आणि तिचं नाव त्यात राहणार की जाणार, हे ठरत नव्हतं. जाणार, असंच दिसत होतं. आणि त्याला कारण मी होते.

कसं ते सांगते. आमचं कॉलेज टेकडीच्या पायथ्याशी आहे. या भागात सरळ जमीन म्हणून नाहीच. जिथे खणाल तिथे काळा खडक डोकं वर काढतो. आमचं मैदानही तिरकं होतं. एका लांब कडेला लायब्ररी, समोरच्या लांब कडेला कंपाउंडची भिंत, आणि लायब्ररीकडून भिंतीकडे उतार. दरवर्षी मी सेकंड इयरच्या मुलींना सर्वेक्षणाचं प्रॅक्टिकल तिथेच द्यायची. तिपाईवर लेव्हलची दुर्बीण लावायची, समोर पट्टी धरायची, उंची काढायची, नकाशा करायचा. लायब्ररीच्या कडेपेक्षा भिंतीची कड माझ्या कमरेइतकी खाली होती. तो उतार माझ्याइतका कुणालाच माहीत नाही, असा माझा समज होता.

ही मुलगी गावाच्या रांझी वस्तीतली. वडील फॅक्टरीत, घरात मराठी, पण तोंड उघडलं की हिंदीत घुसते. "मॅडम, मी समजते सगळं, बोलता नाही येत," असं म्हणून हसते. अंगानं एवढीशी. मागे डावीकडे खेळायची. आता फुटबॉलमध्ये अर्धा खेळ झाला की दोन्ही टीम टोकं बदलतात. म्हणजे पहिल्या अर्ध्यात भिंतीच्या कडेला असलेली डावीकडची मुलगी दुसऱ्या अर्ध्यात लायब्ररीच्या कडेला जायला हवी. ही जायची नाही. मध्यंतरानंतर ही सरळ उजवीकडे खेळायला लागायची. दोन्ही पाय सारखेच चालायचे तिचे. थोडक्यात काय, तर पूर्ण वेळ भिंतीच्याच बाजूला. खाली. पोरींनी तिच्या जागेला नावच ठेवलं होतं, 'नीचे'. गोलकीपर, फॉरवर्ड, आणि नीचे!

आणि काय खेळायची म्हणून सांगू! समोरची टीम जोरात चालून यायची, त्यांचा एखादा पास जरा सैल पडायचा, चेंडू भिंतीकडे ओघळायचा आणि तिथे ही आधीच हजर. धावपळ नाही, आरडाओरडा नाही. पाहुणा येणार हे ठाऊक असलेली बाई दार उघडून उभी असते ना, तशी. चेंडू पायाशी आला की मान वर करायची आणि अशा जागी पोचवायची, की मी बसल्या जागी "अगं बाई!" म्हणायची. फायनलचे दोन्ही गोल तिच्या पायापासून सुरू झाले. त्या दिवशी मी एवढी ओरडले, की दोन दिवस लेक्चर फळ्यावर लिहून घेतलं.

पण ती फायनल झाली आमच्याच मैदानावर. बक्षीस समारंभात हरलेल्या टीमची मॅनेजर माझ्या शेजारी बसली होती. टाळ्या वाजवता वाजवता मला म्हणते, "मॅडम, आपकी टीम नहीं जीती, आपका ढलान जीता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ढलान काय! आमच्या पोरी पहाटे उठून मरमर मरतात आणि म्हणे उतार जिंकला! दुसऱ्या दिवसापासून मी मैदान सपाट करायची फाइल घेऊन सगळ्यांच्या मागे लागले. पुढच्या वर्षीच्या स्पर्धा दुसऱ्या गावी, सपाट मैदानावर होणार होत्या, हेही कारण होतंच. पण खरं सांगायचं तर मला त्या बाईचं तोंड बंद करायचं होतं. उन्हाळ्यात मशीन आलं, मुरूम पडला, रोलर फिरला. मी स्वतः लेव्हल लावून तपासलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत बोटभराचा फरक नाही. काय छाती फुगली होती माझी!

जुलैत सराव सुरू झाला आणि आमची चॅम्पियन टीम बघवेना. पोरींचे पाय अजून जुन्या मैदानावरच होते. लायब्ररीकडे द्यायचा पास त्या सवयीनं जोरात मारायच्या आणि चेंडू थेट पायऱ्यांवर. भिंतीकडे हलकाच सोडायच्या, तो मध्येच थांबायचा. रांझीच्याच एका क्लबच्या मुली सरावाला आल्या आणि आम्हाला धुऊन गेल्या. ही बिचारी भिंतीपाशी उभी. समोर बघते, वाट बघते, आणि चेंडू काही येत नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी पाण्याच्या नळापाशी मला म्हणाली, "मॅडम, अब बॉल मेरे पास आता ही नहीं."

एवढंच म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. 

आमचे कोच फौजेतून रिटायर झालेले, बोलायला एकदम सडेतोड. पहिल्या वर्षाला एक उंच, वाऱ्यासारखी पळणारी मुलगी आली होती. मागच्या फळीत हिच्या जागी ते तिला घेणार होते. मी भांडायला गेले. ते म्हणाले, "मॅडम जी, इसकी पोज़िशन ही नहीं बची. जो जगह मैदान में है ही नहीं, वहाँ किसको खिलाऊँ?" मी म्हटलं, असं कसं, गेल्या वर्षी कप कुणामुळे आला? तर शांतपणे म्हणतात, "मैदान आपने ही सीधा करवाया."

कपाळ माझं! 

त्या संध्याकाळी मी तिला डिपार्टमेंटमध्ये बोलावलं आणि खरं ते सांगून टाकलं. "हे मी करवलं गं. त्या बाईच्या एका वाक्यावरून. तुझी जागा मी घालवली."

 ती म्हणाली, "चांगलं केलं ना मॅडम. मी पण ऐकलं होतं ते. ढलान जीता." मला ते माहीतच नव्हतं. कप हातात घेऊन फोटोत हसणाऱ्या पोरीनं ते वाक्य ऐकलेलं होतं.

"मग आता काहून गप्प बसून राहिलीस? कोचना सांग काही, भांड!"

"मी सीखून राहिली," ती म्हणाली. "थोडे दिवस द्या."

दिवस माझ्या हातात कुठे होते? यादी तोंडावर आलेली. शेवटी मी कोचचे पाय धरायचेच बाकी ठेवले, तेव्हा ते म्हणाले, शुक्रवारी मॅच ठेवू, खेळवतो तिला, मग ठरवू. आणि मॅच कुणाशी, तर गेल्या वर्षीच्या त्याच हरलेल्या टीमशी. ती मॅनेजर बाईही आली. मैदान बघून म्हणाली, "अच्छा, सीधा करवा लिया!" मी नुसती हसले. आतून काय वाटत होतं ते माझं मला माहीत.

मी लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसले. पहिली काही मिनिटं रडारडच. मग चेंडू एकदा भिंतीकडे गेला. ही तिथे होती. बरं, झालं असेल. थोड्या वेळानं पुन्हा गेला. पुन्हा ही तिथे. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. समोरच्या मुली मधून चालून यायच्या आणि बघता बघता भिंतीकडे ढळायच्या, शेवटी चेंडू हिच्या पायात. मला घाम फुटला. म्हटलं, गेलं! पावसात मुरूम खचला. केलेलं सगळं पाण्यात, पुन्हा उतार पडला, आता पुन्हा ती बाई तेच म्हणणार.

मध्यंतर झालं तशी मी धावत जाऊन डिपार्टमेंटमधून दुर्बीण आणि तिपाई आणली. एका विद्यार्थिनीला पट्टी घेऊन भिंतीपाशी पिटाळलं. ती मॅनेजर बाई मला वेड लागल्यासारखं माझ्याकडे बघत होती. बघू दे. मी दोनदा मोजलं. मैदान सपाट होतं. बोटभराचा फरक नाही.

एव्हाना मध्यंतर संपलं होतं. टीमनं टोक बदललं आणि आमची ही मुलगी भिंतीच्या कडेकडेनं चालत, एकटी, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. नेहमीसारखी. तेव्हा पहिल्यांदा मी तिच्याकडे न बघता बाकीच्या दहा जणींकडे बघितलं.

त्या सगळ्या लायब्ररीकडे सरकून उभ्या होत्या. प्रत्येक जण दोन दोन पावलं. समोरून चाल आली, की कॅप्टन ओरडायची, "ऊपर! ऊपर!" आणि सगळ्या मिळून तिकडची वाट बंद करायच्या. समोरच्या मुलींना मोकळी जागा दिसायची ती फक्त भिंतीकडे. तिकडे वळल्या, की तिथे दार उघडून ही उभी. सपाट मैदानावर, मी स्वतः मोजलेल्या मैदानावर, त्या दहा पोरी उतार होऊन खेळत होत्या.  कोच माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते. मी विचारलं, "ये आपने सिखाया?" त्यांनी नुसती मान हलवली. नाही.

आम्ही जिंकलो, एकानं. ती मॅनेजर बाई जाताना काही बोलली नाही. मला त्याचं काही वाटलंही नाही, याचंच नवल.

मॅचनंतर मी कॅप्टनला धरलं. कुणाची कल्पना? ती जरा लाजली. "किसी की नहीं मॅडम. ये नीचे नहीं हो तो हमको समझ में ही नहीं आता किधर खेलना है. तो हम ऊपर हो गए." कोच येण्याच्या आधी रोज सकाळी अर्धा तास त्या हेच करत होत्या. प्रत्येकीनं कुठे, किती सरकायचं, हे हिनं सांगितलं होतं. "इसको पूरा ढलान याद है, मॅडम. कहाँ से कितना लुढ़कता था."

माझा विश्वास बसेना. मी कपाटातून मागच्या वर्षीचा प्रॅक्टिकलचा नकाशा काढून आणला, मैदानाची उंची दाखवणाऱ्या रेषांचा, आणि तो पाठीमागे धरून तिला म्हटलं, सांग. ती मैदानातून चालत गेली. इथून तेज जायचा. इथे थोडा रुकायचा. या झाडासमोर एकदम वळायचा. मी एकेका ठिकाणी नकाशा बघत होते. जिथे रेषा जवळ जवळ, तिथे ती तेज म्हणत होती. जिथे लांब, तिथे रुकायचा. एकही जागा चुकली नाही. इतकी वर्षं मी तो उतार शिकवला, आणि तो येत होता हिला! मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

"तिकडे दुसऱ्या गावी ही भिंत नसेल," मी म्हटलं. "मग नीचे कोणतं?"

उत्तर कॅप्टननं दिलं. "ये जिधर खड़ी होगी, उधर."

शनिवारी यादीचा फॉर्म भरला. नावापुढे खेळायच्या जागेचा रकाना असतो. तिच्या नावापुढे मी लिहिलं, 'नीचे'. कोचनी वाचलं, पेन हातात घेतलं. मला वाटलं खोडणार. त्यांनी खाली सही केली आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला.

तो ऑफिसात देऊन मी मैदानातून परत निघाले, लायब्ररीकडून भिंतीकडे. जमीन सपाट आहे, मीच तीन वेळा मोजली आहे. तरी चालताना माझे पाय उतारावर पडावेत तसे पडत होते.