त्याला चार वेळा परत बोलावलं

माझे वडील मागच्या थंडीत गेले. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी कंपनीत हजर झालो. टेबलावर तपासायची लॉगबुकं साचली होती आणि मेलमध्ये सगळ्या विभागाच्या वतीने आलेल्या सांत्वनाच्या दोन ओळी होत्या. जेवणाच्या सुट्टीत दोघा-तिघांनी खांद्यावर हात ठेवला. मला तेव्हा त्यात काही कमी वाटलं नाही. मी स्वतःही कुणाच्या दुःखात याहून जास्त बोललेलो नाही.

कमी वाटलं ते काही महिन्यांनी, नोकरकपातीच्या दिवशी.

आमची कंपनी मोठी आहे. जिवंत पेशी वाढवून त्यांच्यापासून औषधं करते. मुख्य कचेरी परदेशात, आणि आमचं आवार हैदराबादच्या बाहेर, नामपल्लीहून कंपनीच्या बसने सव्वा तासावर. त्या दिवशी सकाळी दहाला सगळ्यांना मेल आले. राहणाऱ्यांना एक, जाणाऱ्यांना दुसरा, पण दोन्हींचा विषय एकच लिहिलेला. त्यामुळे उघडेपर्यंत कुणालाच काही कळत नव्हतं. उघडल्यावर लोक पडद्याकडे न बघता एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते.

आमच्या मजल्यावरचे अकरा जण गेले. दुपारपर्यंत कँटीनमध्ये लग्नाच्या मांडवासारखी गर्दी झाली. बायका गळ्यात पडून रडत होत्या. दारावरची सुरक्षारक्षक बाई जाणाऱ्यांच्या पिशव्या तपासता तपासता डोळे पुसत होती. गोदामातला एक जण, जो स्वतः राहिला होता, ताट घेऊन फिरत सगळ्यांना सांगत होता, "खा लो मियाँ, आज तुम्हारा, कल हमारा. भूके पेट नक्को जाओ." लोक रडता रडता हसले. कुणी फोटो काढले, कुणी जाणाऱ्याच्या टेबलावरचं रोपटं मागून घेतलं.

मी कोपऱ्यात डबा उघडून बसलो होतो. मनात एकच गोष्ट येत होती, ती जशी आली तशी लिहितो. माझ्या वडिलांसाठी एवढं कुणी रडलं नव्हतं. ही माणसं धडधाकट होती, संध्याकाळी आपापल्या घरी जाऊन चहा पिणार होती, आणि त्यांच्यासाठी सगळं आवार शोक करत होतं. मला त्यांचा हेवा वाटला.

जाणाऱ्यांत तो होता. नऊ वर्षं तो पेशींच्या खोलीत काम करायचा, आणि त्याने लिहिलेलं प्रत्येक पान मी तपासायचो. आमच्या लॉगबुकात शेवटी दोन रकाने असतात, 'डन बाय' आणि 'चेक्ड बाय'. पहिल्यात त्याची सही, दुसऱ्यात माझी. दुसरी सही झाल्याशिवाय ते काम झालंच नाही असं धरतात. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, मलकपेठेत राहणारा, घरात मराठी बोलणारा पण वाचताना अडखळणारा मुलगा. मोकळ्या वेळात मी पुस्तक वाचत बसलो की तो विचारायचा, "सर, यात पुढं काय होतं ते सांगून टाका ना, आम्ही कधी वाचणार?"

कँटीनमधून उठून तो माझ्याकडे आला. डोळे लाल होते, पण आवाज ठीक होता.

"सर, जाऊ द्या. नोकरी काय, मिळेल अजून एक. बाबांपाशी बसायला तरी मिळेल आता दिवसभर."

त्याच्या वडिलांना फुप्फुसांचा तोच आजार होता, जो माझ्या वडिलांना होता. डॉक्टरांनी थोडे महिने सांगितले होते. म्हणजे माझ्या वडिलांच्या शेवटच्या महिन्यांत मला जे मिळालं नाही, ते त्याला कंपनीने हाताला धरून दिलं होतं. मी त्याला "काळजी घे" म्हणालो. तो वळून गेला, तरी मी कितीतरी वेळ त्याच्या पाठीकडे बघत होतो.

वडिलांच्या आजारात मी रजा मागितली नव्हती. ते म्हणायचे, "तू जा, मी वाचत पडतो." सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून अफझलगंजच्या ग्रंथालयात त्यांची रोजची फेरी असायची. आणलेलं शेवटचं पुस्तक अजून घरात आहे. निम्म्यावर बसच्या तिकिटाची खूण आहे. मी ते परत केलेलं नाही.

तो गेल्यावर चार दिवसांनी मी त्याची लॉगबुकं बंद करायला घेतली. सगळी बंद झाल्याशिवाय त्याला कंपनी सोडल्याचं पत्र मिळणार नव्हतं. त्याचं काम चोख, पण नऊ वर्षांत कुठे तारीख राहिली होती, कुठे खाडाखोडीशेजारी सही नव्हती. आमच्याकडे चूक पुसत नाहीत. चुकीवर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी खरं ते लिहायचं, आणि सही करून त्या दिवसाची तारीख घालायची. हे ज्याने काम केलं त्यानेच स्वतःच्या हाताने करायचं असतं.

मी त्याला फोन केला. "दोन ठिकाणी सह्या राहिल्यात. यावं लागेल."

"हौ सर, येतो," तो म्हणाला.

काम करणारा माणूस कंपनीत राहिलेला नसेल, तर नियमात त्याची सोय आहे. तपासणाऱ्याने कारण लिहून ती नोंद स्वतःच बंद करावी. आमच्या कार्यपद्धतीतला तो सहावा नियम. सहा वर्षांपूर्वी त्याचं वाक्य मीच रचलं होतं, आणि ते चांगलं जमलंय म्हणून मला बरंही वाटलं होतं. त्याला बोलवायची काहीच गरज नव्हती. कुणी मला जाब विचारला नाही, कारण कार्यपद्धती शेवटपर्यंत कुणी वाचत नाही.

त्या पहिल्या वेळी तो पाहुण्यांचा बिल्ला गळ्यात घालून आला. मलकपेठेहून दोन बस बदलून. दोन सह्या केल्या, थोडा बसला, गेला. त्याची अर्धी दुपार गेली. वडिलांपाशी बसायची अर्धी दुपार. ते मी मोजलं, हेही लिहायला हवं.

एका वेळी सगळ्या चुका काढून ठेवता आल्या असत्या. मी तसं केलं नाही. एक लॉगबुक काढायचो, त्यात काही सापडलं की फोन करायचो. दुसऱ्या खेपेला त्याने येताना माझ्यासाठी घरून ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणला. "आईने दिलंय. तुम्ही डब्यात नुसता दहीभात आणता म्हणून सांगितलं होतं मी." मी ते खाल्लं आणि तिसऱ्यांदा बोलावलं.

तिसऱ्या खेपेला त्याला बाहेर पाऊण तास थांबावं लागलं, कारण मी मीटिंगमध्ये होतो. मीटिंग लवकर संपली होती. मी खिडकीतून त्याला बाकावर बसलेला बघत होतो. तो फोनवर कुणाशी तरी बोलत होता आणि हसत होता.

चौथ्या खेपेला माझ्यासमोर बसलेला असतानाच त्याचा फोन वाजला. हातात पेन होतं म्हणून त्याने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. पलीकडे त्याचे वडील होते. एकेका शब्दामागे श्वास घेत होते, पण हुकूम सोडत होते.

"निघालास का?"

"नाही बाबा. सरांकडेच आहे."

"बरं बरं, बस. घाई करू नको. येताना दोसकाय आण. पिवळी बघून. मागच्या वेळी हिरवी आणलीस, तुझ्या आईने तिचं काय केलं देव जाणे."

"हौ, आणतो."

"सरांना विचारलं म्हणून सांग."

फोन बंद झाला. मला कुणी दोसकाय, ती इकडची गोल काकडी, आणायला सांगून कितीतरी महिने झाले होते. वडिलांनाही पिवळीच लागायची, वरणात. मी म्हणालो, "तुला उगीच त्रास होतोय. ते वाट बघत असतील."

"बघतात की. पण पाठवतातही तेच."

"तेच?"

त्याने पेनाचं टोपण लावलं. "सर, सहावा नियम मला पण पाठ आहे. तुम्हीच शिकवलाय. तुमचा पहिला फोन आला तेव्हा मी बाबांना बोललो, जायची गरज नाही, सर स्वतः नोट टाकू शकतात. तर ते म्हणाले, नियम माहीत असून बोलावतो म्हणजे त्या माणसाला काही बोलायचं असणार. त्याचे वडील गेलेत. जा, घटकाभर बसून ये." तो थोडा हसला. "तीन खेपा झाल्या, तुम्ही तर काही बोलतच नाही. म्हटलं चौथ्याला बोलतील."

मला तिथे लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली, बसमध्ये. आधी आला तो मत्सरच, आणि आधीपेक्षा मोठा. ज्याला श्वास पुरत नाही अशा माणसाने, स्वतःचा मुलगा शेजारी बसलेला असताना, त्याला माझ्यासाठी उठवून पाठवलं होतं. असा बाप त्याला होता, आणि अजून होता.

मी समोरचं पान त्याच्याकडे सरकवलं. "इथे तुझी तारीख राहिलीय."

त्याने पान बघितलं आणि बोट तसंच ठेवलं. "सर, हे त्या दिवसाचं आहे."

मी वेळेचा रकाना बघितला. माझी सही होती, सहाला दहा मिनिटं कमी असताना केलेली. त्या दुपारी घरून फोन आला होता की वडिलांना जास्त होतंय. तो म्हणाला होता, "सर, तुम्ही जा. सही उद्या करा, मी कुणाला सांगत नाही." मी म्हणालो होतो, सही त्याच दिवशी व्हायला हवी. पेशींचं काम संपेपर्यंत मी थांबलो, पान वाचलं, सही केली. मी वाटेत असताना वडील गेले.

"माझी तारीख कशी राहिली माहीत आहे का," तो म्हणाला. "एका हाताने तुमच्यासाठी गाडी बुक करत होतो. गाडी मिळत नव्हती."

तेव्हा मी ते पान तपासून सही केली होती, आणि त्याची राहिलेली तारीख माझ्या नजरेला आली नव्हती. नऊ वर्षांत माझ्या तपासणीतून सुटलेल्या चुकांत ही एक. दिवसभराची रजा मी कधी मागितलीच नव्हती, पण त्या दिवशीची एक दुपार याने माझ्यापुढे धरली होती. ती मीच घेतली नाही.

त्याने तारीख घातली. आजची. शेजारी सही केली.

"परत कधी येऊ?"

"आता येऊ नकोस."

"नक्की? बाबा विचारतील, सर बोलले का म्हणून."

"बोलले म्हणून सांग."

"काय बोलले सांगू?"

मी समोरचं लॉगबुक मिटलं. "सांग, आमच्या घरीही पिवळीच लागायची."

तो ते ऐकून हसला नाही. मान हलवली, बिल्ला काढून हातात घेतला आणि गेला. दुपारचे अडीच वाजले होते. फाटकासमोर एक म्हातारी भाजीची टोपली घेऊन बसते. तो तिच्यापुढे उकिडवा बसला, एकेक दोसकाय उचलून उन्हात फिरवून बघू लागला, आणि फोन कानाला लावला. रंग सांगत असणार. मी तो उठून बसथांब्याकडे जाईपर्यंत खिडकीत उभा होतो, आणि तो दिसेनासा होईपर्यंत मला त्याचा हेवा वाटत होता.

मग मी उरलेली लॉगबुकं एकदम काढली. आणखी नऊ ठिकाणी काहीबाही राहिलेलं होतं. प्रत्येकापुढे सहाव्या नियमाप्रमाणे कारण लिहिलं, 'कर्मचारी कंपनीत नाही', खाली सही, तारीख. त्याच्या पत्राचा कागद पुढे पाठवला.

नऊ नोटांना मिळून वीस मिनिटं लागली.