वरच्या पाड्याची गस्त

बाळाराम हवालदार गेल्याची बातमी मला पोलिसांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. डोळखांब भागातल्या आम्हा पोलीस पाटलांना त्या ग्रुपात घातलेलं आहे. त्यांचा जुना फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. ती संपायच्या आतच कोणीतरी त्या दिवसाच्या गस्तीचे फोटो टाकले. देवळासमोर गाडी, शाळेसमोर गाडी, पतपेढीसमोर गाडी... ज्या फोटोंपायी या माणसाला आमच्याकडून हलवलं, तेच फोटो त्याच्या मरणावर येऊन बसले. मी मोबाइल पालथा ठेवला आणि भांडी घासायला घेतली. रडू मागाहून आलं, आधी संताप आला.

आमची ओळखच मुळी भांडणातून झाली. मी नवी पोलीस पाटील, ते आमच्या बीटचे नवे हवालदार. पहिल्याच फेरीला ते फटफटी घेऊन थेट वरच्या पाड्यावर गेले, तर खाकी बघून अख्खा पाडा रानात पळाला. आमच्याकडे खाकी डोंगर चढते ती लाकूड, नाहीतर दारू पकडायला. "तुमच्या मुरबाडला काय पोलिसाला ओवाळतात का?" मी विचारलं. त्यांना राग आला, पण पुढच्या खेपेला फटफटी डांबरी रस्त्यावर लावून ते पायी चढले आणि घरोघरी प्यायला पाणी मागत हिंडले. बस, एवढंच. पाणी देणारी बाई चार शब्द बोलतेच. कोणाकडे पाहुणा आलाय, कोण अनोळखी माणूस फिरतोय, कोणाची भांडणं झाली, सगळं तिथंच कळायचं. "पोट फुगेल तुमचं एक दिवस," मी चिडवायची. "फुगू द्या की पाटीलबाई, पगार त्याचाच घेतो," ते म्हणायचे.

भात झोडून झालं की पाड्यावरची धडधाकट माणसं वीटभट्टीवर जातात. मागे म्हातारी आणि कोंबड्या. त्या महिन्यांत तर हवालदार हटकून वर जायचे. देवमाणूस वगैरे नव्हते ते. कुठेही तंबाखू थुंकायचे, आणि बायकोला मारणाऱ्या एकाला त्यांनी सगळ्यांदेखत थोबाडलं होतं, जे कायद्यात कुठेच बसत नाही. पण त्यांच्या भीतीने म्हणा, ओळखीने म्हणा, उपऱ्या माणसाची पाड्यावर पाऊल ठेवायची छाती होत नव्हती.

मग गस्तीची नवी पद्धत आली. रस्त्यालगत ठिकठिकाणी क्यूआर कोडचे स्टिकर लागले. गाडीतून उतरायचं, स्टिकरवर मोबाइल धरायचा, ग्रुपसाठी गाडीचा फोटो काढायचा, नकाशावर हिरवा ठिपका उमटला की पुढे निघायचं. पद्धत वाईट होती असं मी म्हणणार नाही. झोपा काढणारे निदान बाहेर तरी पडू लागले. पण जिथं गाडी जाते तिथंच स्टिकर, आणि जिथं स्टिकर तिथंच गस्त. हवालदार वर गेले की खालचे ठिपके हुकायचे. "दादा, आधी खालचं उरका, मग जा की वर," मी कितीदा सांगितलं. "दोन्हीकडे जायला दोन बाळाराम लागतील," हा त्यांचा हेका. शेवटी 'गस्तीत कसूर' असा शेरा बसला आणि त्यांना ठाणे शहरात नेऊन कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसवलं. काम काय, तर कोणाचे ठिपके हिरवे झाले ते बघायचं!

त्याच वीटभट्टीच्या हंगामात भरदिवसा दोघे जण वरच्या पाड्यावर आले. निराधार पेन्शनची तपासणी आहे, फोटो काढायचाय, म्हणाले. अंगावर चांदी दिसली तर पेन्शन बंद होईल, म्हणून म्हाताऱ्यांना हातातली कडी उतरवायला लावली. त्यांतल्या ठकीबाईची कडी निघेनात, तर तिनं स्वतः तेल लावून काढली. पेन्शन वाचवायची म्हणून! फोटो झाले आणि कडी घेऊन ते डोंगर उतरून गेले. मी पोलीस स्टेशनात साहेबांकडे भांडायला गेले, तर त्यांनी मलाच मोबाइल दाखवला. "ताई, त्या दिवशी गस्त शंभर टक्के झालीये." खरंच, सगळे ठिपके हिरवेगार होते.

हवालदार रजा टाकून आले. ठकीबाईसमोर मान खाली घालून बसले. "तू आस्तास त त्यांना इचारलं आस्तास रं," ती म्हणाली. मला त्यांच्याकडे बघवेना. उतरताना ते म्हणाले, "पाटीलबाई, अर्ज करा. वर एक स्टिकर मागा. त्या निमित्ताने तरी कोणीतरी पायी चढेल." ज्या स्टिकरने त्यांना घालवलं, तोच ते मागत होते. मी अर्ज केला. उत्तर यायच्या आत ते गेले, झोपेतच. मुरबाडला दहाव्याला साहेब आले होते. 'गस्तीची त्यांना मनापासून आवड होती' असं बोलले. मी तिथं मुकाट बसले, याचा मला अजून राग येतो.

गेल्या आठवड्यात अर्ज मंजूर झाला. दोन शिपाई आले आणि त्यांनी स्टिकर लावला... खाली, डांबरी रस्त्यावरच्या विजेच्या खांबावर. त्यावर ठळक अक्षरांत 'वरचा पाडा'. मी विचारलं, तर म्हणाले, "वर रेंज येत नाही, ताई." आता गाडी खांबापाशी थांबते आणि वरच्या पाड्याचा ठिपका रोज हिरवा होतो. हवालदारांची एवढीच एक मागणी होती, आणि ती अशी पुरी झाली. परवा ठकीबाई रेशनला खाली उतरली होती. खांबावर हे काय चिकटवलंय, म्हणून तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं. तिनं आपले मोकळे हात पदराखाली घेतले, वर डोंगराकडे पाहिलं आणि म्हणाली, "मंग आता कोन आला त मी हितं खांबाला येऊन सांगू का गो?"