तालमीच्या उंबऱ्याबाहेर
तालमीवरनं जाताना तांबड्या मातीत कालवलेल्या ताक-हळदीचा वास आला, की मला आईचा आवाज ऐकू येतो. एकदा गणपतीच्या तोंडावर आठवडाभर गल्लीत पाणी नव्हतं, म्हणून तालमीत बैठक बोलावली होती. तालमीत बायकांनी पाऊल टाकायचं नाही हा जुना रिवाज, त्यामुळं पुरुष आत आणि आम्ही बायका उंबऱ्याबाहेर उभ्या. आत पाणी राहिलं बाजूला आणि गणपतीच्या मिरवणुकीवरनं वाद रंगला. तेवढ्यात शेजारी उभी असलेली माझी आई दारातनं गरजली, "टँकरमागं घागरी घेऊन पळणाऱ्या आमी भाईर, आन् तुमी आत कशाची बैठक करतायसा?" मग तालमीचे म्हातारे वस्ताद उठले, त्यांनी बसायची सतरंजी काखेत मारली आणि म्हणाले, "बरोबर हाय की तिचं. चला, समदी भाईर!" भर रस्त्यात, येणाऱ्या रिक्षा थांबवून, बैठक नव्यानं बसली आणि पहिली आई बोलली. दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली महापालिकेवर गेली आणि पाणी घेऊनच आली. आता तालमीवर पंख्यांचा मोठा हॉल झालाय, तिथं बायकांनाही मज्जाव नाही. तरी गल्लीची बैठक अजून रस्त्यावरच बसते, आणि पहिलं कोण बोलणार हे कुणी विचारत नाही; पहिली बाईच बोलते.