शेवंताचं वर्णन

त्या शुक्रवारी अरुणानं तांदूळ दोनदा धुतले, आणि कुकरचं झाकण लावून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की पाणी घालायचंच राहिलंय. झाकण काढलं, पाणी घातलं, परत लावलं. मग ओटा पुसला. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. बाहेर सोफ्यावर सुभाष मोजे काढत बसला होता. तळोज्याच्या कंपनीची बस त्याला सानपाड्याच्या सिग्नलला सोडायची आणि घरी आल्यावर पहिली दहा मिनिटं तो तोंड उघडत नसे. आज मात्र त्यानंच विचारलं,

"तालमीत भांडण झालं का?"

"भांडण कुठलं. कुणी आवाजसुद्धा चढवला नाही."

"मग चांगलंच झालं की."

"चांगलं नाही झालं," अरुणा म्हणाली आणि फडकं पिळायला वळली.

सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांचा वाचनकट्टा भरायचा. सुमित्राबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, कट्ट्याच्या प्रमुख. आणि अरुणा त्यांचा उजवा हात. अरुणा चिपळूणहून लग्न होऊन आली ती मराठी घेऊन बी.ए. झालेली. नोकरी केली नाही, पण वाचन सुटलं नाही. मराठी भाषा दिनाला कट्टा दरवर्षी एका कथेचं अभिवाचन करायचा: खुर्च्यांवर ओळीनं बसायचं, हातात कागद धरायचे आणि गोष्ट वाचायची. अभिनय नाही, वेशभूषा नाही. जे काय ते आवाजानं.

यंदाची गोष्ट अरुणाच्या संग्रहातली. एका जुन्या दिवाळी अंकातून कापून तिनं दोऱ्यानं शिवून ठेवलेली पानं. लेखकाचं नाव असलेलं पान कधीच गळून पडलेलं. गोष्ट दोन जावांची. थोरली मालती, गोरी, सोशिक. धाकटी शेवंता, काळी, मत्सरी. शेवंता मालतीच्या पाटल्या लपवते, त्या माहेरी पोचवल्याचा आळ मालतीवरच येतो, मालती ब्र काढत नाही, आणि शेवटी शेवंता रडून सगळं कबूल करते. कॉलेजात असताना ही गोष्ट वाचून अरुणाचे डोळे दरवेळी भरून यायचे.

मालतीसाठी अरुणाच्या मनात पहिल्यापासून एकच नाव होतं: प्रियदर्शिनी. मुलगी एकवीस वर्षांची, कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतली. वडील जोतीराम वाशीच्या मार्केटात कांदा-बटाट्याच्या पोत्यांवर. मूळ साताऱ्याकडचे. तिनं एम.ए.ला मराठी घेतलं होतं, ती कट्ट्यावरही यायची, आणि दर रविवारी ती अडलेलं विचारायला अरुणाकडे यायची. तिनं साधं दुधाचं बिल वाचलं तरी ऐकत बसावं असा आवाज. खालचा, भरीव, कुठेही घाई नसलेला.

सुमित्राबाईंनी नाव ऐकलं आणि चष्मा काढून पुसायला घेतला.

"आवाज चांगलाच आहे गं. त्यात वाद नाही. पण मालती म्हणजे कशी, लिहिलंय ना, दुधात केशराची काडी पडावी तशी. समोर ही बसलेली. लोकांना खटकेल."

"अहो, वाचायचंच तर आहे."

"वाचायचं असलं तरी लोक डोळे मिटून बसतात का? मंजुषाला दे मालती. शोभेल. आणि हिला शेवंता दे ना, बिघडतं कुठे?"

मंजुषा सेक्रेटरींची बायको. स्वभावानं लोण्यासारखी, वाचायला लागली की स्टेशनवरची सूचना. पण रंग केतकी. अरुणा घुटमळली. त्या मुलीला शेवंता द्यायची म्हणजे भरल्या सभेत बोट दाखवण्यासारखंच. तिच्या मनानं ते घेईना. आणि मालतीसाठी भांडायचं, तर सुमित्राबाईंशी वीस वर्षांत ती कधी भांडली नव्हती. मग तिनं आपल्या परीनं मधला मार्ग काढला.

"प्रियदर्शिनीला निवेदन देऊ. निवेदकाला कुठे रूप असतं?"

"हे बरं सुचलं तुला. आणि शेवंता तूच वाच. तुला सहज जमेल."

आपल्याला सहज का जमेल, हा प्रश्न अरुणाला त्या दिवशी पडला नाही.

प्रियदर्शिनीला तिनं सांगितलं, "निवेदन सगळ्यांत अवघड. अख्खी गोष्ट निवेदकाच्या खांद्यावर असते. म्हणून तुला दिलंय." ती मुलगी खूश झाली. पानं घेऊन गेली. पुढच्या रविवारी आली ती पानाला बोट लावूनच.

"काकू, हे बघा. 'शेवंता मात्र चुलीवरच्या तव्यासारखी, आणि मनही तसंच काजळी धरलेलं.' हे कसं वाचायचं?"

"सरळ वाच. शब्दशः घेऊ नकोस. तवा, काजळी, हे सगळं रूपकाच्या अंगानं. काळं म्हणजे तिचं मन. रंगाशी त्याचा काही संबंध नाही."

"आणि मालतीचं दूध-केशर?"

"तेही तिच्या मनाचं गोरेपण."

प्रियदर्शिनी थोडा वेळ पेनचं टोपण काढत-घालत बसली. "आमच्या मॅडमनी मागच्या आठवड्यात एक परदेशी कादंबरी शिकवली. त्यात काळ्या बाईला रात्रीची, कोळशाची उपमा दिलीय. मॅडम म्हणाल्या, याला वर्णद्वेष म्हणतात. लिहून घेतलं आम्ही." मग हसून म्हणाली, "म्हणजे तिकडचं असलं की वर्णद्वेष, आणि आपलं असलं की अलंकार."

अरुणाही हसली. चहा टाकते म्हणून उठली. चहा गाळून आणला तेव्हा तिनं विषय बदलला.

शुक्रवारच्या तालमीत मात्र तो बदलता आला नाही. सगळ्याजणी ओळीनं बसल्या होत्या. प्रियदर्शिनीनं सुरुवात केली. "मालती उंबऱ्यात आली आणि घरात निरांजन लागल्यासारखं झालं." शेजारी मंजुषा खाली मान घालून लाजली. खरोखर लाजली. मग प्रियदर्शिनी शेवंताच्या वर्णनापाशी आली आणि थांबली. आवाज थांबला तसा हॉलमधल्या पंख्याचा कुरकुर आवाज ऐकू यायला लागला.

"काय झालं? पान हरवलं का?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"नाही, आहे पान." मग ती अरुणाकडे वळून, अगदी साधेपणानं म्हणाली, "काकू, काळं म्हणजे मन, रंगाशी संबंध नाही, असं तुम्ही म्हणालात. मग मालती मी का वाचू नये असं ठरलं? मंजुषामावशी म्हणाल्या मघाशी, आधी माझं नाव होतं म्हणून."

मंजुषाचा चेहरा पडला. "मी आपलं सहज बोलले गं."

"राग नाही मावशी. मला फक्त कळू दे. वाचताना रूपक धरायचं आणि माणूस निवडताना शब्दशः, असं कसं?"

सुमित्राबाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. अरुणानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडून निघालं, "उशीर होतोय, पुढचं पान घेऊ या का?"

प्रियदर्शिनीनं पुढचं पान घेतलं. शेवटपर्यंत नीट वाचलं. निघताना पानांची चळत अरुणाच्या खुर्चीवर ठेवली. "माझा पेपर जवळ आलाय काकू. बहुतेक नाही जमायचं मला."

म्हणून त्या दिवशी तांदूळ दोनदा धुतले गेले.

जेवण झाल्यावर अरुणानं शिवलेली मूळ पानं काढली. काढायची गरज नव्हती, गोष्ट पाठ होती. पण हाताला चैन नव्हतं. एकोणीस वर्षांची असताना तिनं त्यावर पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या. दुधात केशराची काडी. रेघ. निरांजन. दोन रेघा, आणि समासात एक छोटं फूल. तव्याखाली रेघ नव्हती. त्या ओळीवरून तिची नजर तेव्हा नुसती घसरत गेली असणार.

ती उठून आरशापाशी गेली, मग उगाच खिडकीपाशी. तिला पाहायला आले तेव्हा सुभाषची आई म्हणाली होती, रंगानं जरा डावी आहे, पण नाकीडोळी नीटस. हे "डावी" अरुणा पंचवीस वर्षं कुणाला न दाखवता बाळगून होती. आणि तीच डावी मुलगी चिपळूणच्या माडीवर बसून ही गोष्ट वाचताना खुशाल मालती होत होती. एकदाही शेवंता झाली नाही. सुमित्राबाईंनी मात्र एका नजरेत तिला तिच्या जागेवर बसवलं होतं: तुला सहज जमेल.

"अहो, मी काळी आहे का?"

सुभाषनं मोबाइलमधून मान वर केली. सापळा कुठे आहे ते बघितलं. "सावळी आहेस."

"काळी आहे का ते विचारतेय."

"आता हे काय काढलंस झोपायच्या वेळी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोपरखैरण्याला गेली. पिशवीत पानं होती, आणि हातात लाल पेन. रिक्षातच तिनं तव्याची ओळ खोडली, केशराची खोडली.

दारात प्रियदर्शिनीची आजी राजाबाई लसूण सोलत बसली होती. "या. तव्याच्या बाई का तुमी?" तिनं विचारलं. "पोरीनं सांगितलं. मी म्हनलं, तव्यासारकी म्हनत्यात तर म्हनू दे. तव्याबिगर भाकरी कशावर भाजनार हायत, केसराच्या काडीवर?"

"आजी, गप की," प्रियदर्शिनी आतून आली. अरुणाला बघून तिनं ओढणी सारखी केली. बसा म्हणाली नाही, पण स्टूल पुढे सरकवलं.

अरुणा बसली नाही. "मी तुझ्याशी खोटं बोलले. निवेदन अवघड म्हणून नाही दिलं तुला. तुझ्या रंगामुळे मालती नाकारली त्यांनी, आणि मी हूं की चूं केलं नाही. वर तुलाच सांगितलं की शब्दशः घेऊ नकोस." तिनं पानं पुढे केली. "मी ती वाक्यं काढून टाकलीत. आता कुणीही काहीही वाचू शकतं. मालती तू वाच. सुमित्राबाईंशी मी बोलते."

प्रियदर्शिनीनं लाल रेघा बघितल्या.

"हे कापू नका. कापलं तर लोक म्हणतील, किती गोड गोष्ट आहे. लिहिलंय ते लिहिलंय."

"मग?"

"मला मालती नको. ती काय करते? नुसती चांगली असते. शेवंताचं काहीतरी होतं तरी. शेवंता मी वाचते. पण निवेदन तुम्ही करायचं. एकही शब्द न गाळता." ती थांबली. "आणि ते वर्णन आलं की माझ्याकडे बघून वाचायचं."

"प्रियदर्शिनी, मला नाही जमणार."

"मला जमेल म्हणून दिलं होतं ना तुम्ही?"

राजाबाई लसणाची सालं फुंकत होती. तिनं वरसुद्धा बघितलं नाही.

सुमित्राबाईंना बदल कळला तेव्हा त्या समाधानानं म्हणाल्या, "मी पहिल्यापासून हेच म्हणत होते." अरुणानं तोंडाशी आलेलं गिळलं नाही. "तुम्ही म्हणत होतात ते वेगळं होतं, बाई," ती म्हणाली. सुमित्राबाईंनी चष्म्यावरून बघितलं. वीस वर्षांत पहिल्यांदा.

पुढचे दहा दिवस अरुणा घरभर वाचत फिरली. गॅसपुढे, गॅलरीत, लिफ्टमध्ये कुणी नसताना. तव्याच्या ओळीपाशी आवाज दरवेळी पळायचा. सुभाष म्हणाला, "माझ्याकडे बघून वाच, प्रॅक्टिस होईल." तिनं वाचलं. तो हसला, आणि वाक्य संपेपर्यंत त्याचं हसू कुठेतरी गेलं. "वाईटच आहे की गं हे," तो म्हणाला.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. सगळ्यांच्या साड्या निळ्या. निळा तुला खुलणार नाही, असं सुमित्राबाईंनी प्रियदर्शिनीला सुचवून पाहिलं होतं. ती निळीच नेसून आली होती. मागच्या रांगेत जोतीराम, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर.

अरुणानं सुरुवात केली. निरांजन झालं, केशर झालं. मग तिनं कागद खाली केला आणि मान वळवली. प्रियदर्शिनी तिच्याकडेच बघत होती, पापणी न हलवता.

"शेवंता मात्र," अरुणा म्हणाली. "चुलीवरच्या तव्यासारखी. आणि मनही तसंच. काजळी धरलेलं."

वाक्य हॉलमध्ये तसंच राहिलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पदर सारखा केला. कुणीतरी खोकलं. मागे जोतीराम मुलीकडे नाही, अरुणाकडे बघत होता, आणि ती नजर टाळायला अरुणाला कागदात जावंसं वाटलं. ती गेली नाही.

मग शेवंता बोलायला लागली. तो भरीव, संथ आवाज. पाटल्या लपवताना तो थरथरला नाही. या घरात आल्यापासून मला नावानं हाक कुणी मारली, असं तिनं विचारलं तेव्हा थरथरला. ते वाक्य गोष्टीत पहिल्यापासून होतं. अरुणानं ते शंभरदा वाचलेलं होतं आणि आजवर कधी ऐकलं नव्हतं. शेजारी मंजुषा स्वतःची ओळ विसरून ऐकत राहिली. तिला कोपरानं ढोसावं लागलं.

शेवटचं वाक्य निवेदकाचं. "पश्चात्तापाच्या आसवांनी काजळी धुऊन निघाली, आणि त्या क्षणी शेवंता प्रथमच सुंदर दिसली."

टाळ्या लगेच आल्या नाहीत. दुसऱ्या रांगेतले एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, हळू बोलायचा त्यांचा प्रयत्न होता, "प्रथमच कशी? मी तर मघापासून बघतोय." मग टाळ्या आल्या.

कॉफीच्या वेळी सुमित्राबाई म्हणाल्या, "चांगलं झालं. पुढच्या वर्षी जरा हलकंफुलकं घेऊ." जोतीरामनं दुरूनच अरुणाला नमस्कार केला, जवळ आला नाही.

प्रियदर्शिनी तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. कपातला शेवटचा घोट संपवला.

"काकू, निवेदन छान केलंत. सगळ्यांत अवघड असतं ते."

अरुणानं तिच्याकडे पाहिलं. ती टोमणा मारत होती की मनापासून म्हणत होती, चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"रविवारी येशील ना?"

"बघते," ती म्हणाली, आणि रिकामा कप ठेवायला गेली.