वरून दिसणारे पत्ते

माझा उजवा गुडघा नांदेडला बदलला. डॉक्टर तरुण, बोलायला गोड. त्यांनी स्क्रीनवर माझ्या पायाचा एक्स-रे लावला, खुब्यापासून घोट्यापर्यंत सरळ रेघ ओढली आणि म्हणाले, "गुरुजी, ही रेघ गुडघ्याच्या मधून जायला पाहिजे. तुमची आतल्या बाजूनं जाते." मी जन्मभर अहमदपूरला भूमिती शिकवलेली, मला लगेच पटलं. हाड कोणत्या कोनात, किती मिलिमीटर कापायचं, तेही त्यांनी समजावलं. मग विचारलं, "ऑपरेशननंतर काय काय करायचंय तुम्हाला?"

"चालायचंय," मी म्हणालो. डॉक्टरला माणूस दुसरं काय सांगणार?

खरं तर मला कुठंच चालत जायचं नव्हतं. बायको गेल्यापासून माझी एकच जागा उरली होती, चाचांच्या शिलाई दुकानाचा ओटा. दुपारी आम्ही चौघं तिथं सतरंजीवर पत्त्यांचा मेंढीकोट खेळायचो. चाचा माझे भिडू, विरुद्ध बाजूला एक रिटायर्ड कंडक्टर आणि एक शेतकरी. बाकी दिवसभर माझ्याशी बोलायला घरात टीव्हीच. खेळ संपला की मला दोघांनी बगलेत हात घालून उठवावं लागायचं. ते नको म्हणून तर हे ऑपरेशन.

सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले, "जमिनीवर बसायचं नाही. मांडी तर विसराच."

मला वाटलं, महिना दोन महिन्यांचं पथ्य असेल. "कधीपर्यंत?"

"कायमचंच, गुरुजी."

पुन्हा खेळायला गेलो त्या पहिल्या दिवशी चाचांनी माझ्यासाठी सतरंजीला लागून खुर्ची मांडली. दोन डाव झाले आणि कंडक्टरनं पत्ते छातीशी धरले.

"गुरुजी, तुमाला वरून समद्याचे पत्ते दिसून राहिले."

"मी बघत न्हाई."

"बघत न्हाई, पर दिसतंय तर खरं."

त्याचं बरोबर होतं. शेतकऱ्याच्या हातातला किलवरचा दहा मला न बघता दिसला होता, आणि मी त्या हिशेबानं खेळलोही होतो.

माणसं चांगली. दुसऱ्या दिवशी चाचांनी कुठून तरी टेबल आणलं, सगळे खुर्च्यांवर बसले. शेतकऱ्याच्या पायाला मुंग्या आल्या. कंडक्टर खुर्चीवरच मांडी घालून बसला आणि घसरता घसरता वाचला. खेळात कुणाचा जीव नव्हता. पुढच्या दिवशी गेलो तर सतरंजी अंथरलेली, माझ्या जागी शेजारचा चहावाला. माझी खुर्ची पुसून बाजूला ठेवली होती.

"बैठो ना गुरुजी," चाचा म्हणाले. "खेल देखो."

मला भयंकर राग आला आणि तो काढायला माणूस सापडेना.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी मला व्हरांड्यात चालायला लावलं, शिकाऊ डॉक्टरांना बोलावून दाखवलं. नव्या एक्स-रेवर रेघ बरोब्बर मधून गेली होती. मी स्वतः डोळे जवळ नेऊन पाहिली. काम चोख होतं, उगाच खोट काढण्यात अर्थ नव्हता.

आता दुपारी मी चालतो. गुडघा अजिबात दुखत नाही. रस्ता चाचांच्या ओट्यावरूनच जातो. काल शेतकऱ्यानं पत्त्यांतून मान वर केली.

"काय सरळ चालून राहिले गुरुजी. लई झ्याक."

"हाव," मी म्हणालो.

तेवढ्यात चाचांनी उतारी केली आणि चौघांच्या माना खाली गेल्या. मी पुढं चालत राहिलो.