मंगळवारची डोकेदुखी

“सिस्टर, आपल्या गावात डोकेदुखीची साथ आलीय का?”

डॉक्टरांनी जिल्ह्याहून आलेलं पत्र माझ्यासमोर धरलं. आमचा इंडेंट, म्हणजे औषधांची महिन्याची मागणी, तिकडे कुणाच्या तरी डोळ्यांवर आला होता. एवढ्याशा दवाखान्याला एवढं मिक्स्चर कशाला लागतं, याचा खुलासा मागवला होता.

साठच्या दशकातली गोष्ट. खानदेशात, प्रकाशा या तीर्थाच्या गावाअलीकडे, तापीकाठच्या एका गावात माझी पहिली नेमणूक होती. मी साताऱ्याकडची. अहिराणी कळायला मला सहा महिने लागले.

डॉक्टरांनी केसपेपर काढायला लावले. डोकेदुखीवाल्या साऱ्या बायकाच निघाल्या. बहुतेक नव्या सुना. आणि त्या यायच्या फक्त मंगळवारी.

“पुढच्या मंगळवारपासून डोकेदुखीला बाटली नाही,” डॉक्टर म्हणाले.

“आधी एकदा बघते,” मी म्हटलं.

त्या मंगळवारी बाटल्या भरून दिल्या आणि थोड्या वेळाने मागच्या दाराने बाहेर गेले. निंबाखाली आठ-दहा जणी गोल करून बसलेल्या. कुणीतरी सासऱ्याच्या घोरण्याची नक्कल करत होती. बाकीच्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. आणि कमल नावाची सून आमचं मिक्स्चर शांतपणे झाडाच्या बुंध्यात ओतत होती.

मला पाहून ती उठलीच.

“कमल, डोकं दुखतंय ना?”

“आठे नही दुखत, नर्सबाई.”

“मग कुठे दुखतं?”

“घरमा दुखस.”

कमलचं सासर चांगलं खातंपितं. केळीची बाग, विहिरीवर इंजिन, दारात दोन बैलजोड्या. नवरा सज्जन. पण घर गावाबाहेर मळ्यात. दिवसभर तिच्या वयाचं बोलायला कुणी नाही.

“बाटली बंद झाली तर?” मी विचारलं.

तिचा चेहरा उतरला. “मंग सासू धाडनार नही. दवाखानानं नाव सांगं, तवय येवाले भेटस.”

दवाखान्याचं नाव घेतलं तरच तिला घराबाहेर पडता येत होतं. मी जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते आधी चिडले.

“बायकांच्या गप्पा हे आपल्या खात्याचं काम नाही, सिस्टर.”

“पण आरोग्याचे वर्ग घेणं माझ्या कामात आहे. जागा तीच, वार तोच. फक्त बाटली नको.”

डॉक्टरांनी कमलचा केसपेपर ओढून त्यावर लिहिलं, ‘दर मंगळवारी वर्गास हजर राहणे.’ खाली सही, शिक्का. बाकीच्यांच्या पेपरांवरही तेच. डॉक्टरांच्या शिक्क्यापुढे त्या काळी कुठलीही सासू बोलत नसे.

मी अर्धा तास बाळाची अंघोळ, जखम धुणं, पाणी उकळणं शिकवायची. पुढचा तास त्यांचा. मिक्स्चरचा खप दोन महिन्यांत निम्म्यावर आला. जिल्ह्याचं समाधान झालं.

एका मंगळवारी मात्र कमलची सासू, केसरबाई, तरातरा आत आली.

“बाई, मन्ही सून आठे काय शिकस? घरनं काम कोन करी?”

“तुम्हीच बसून बघा ना, केसरबाई,” मी म्हटलं.

ती पहाऱ्याला बसल्यासारखी भिंतीशी बसली. तेवढ्यात नातवाचं गळू दाखवायला एक म्हातारी आली. दोघी एकमेकींकडे टक लावून बघत राहिल्या.

“केसर? तू शे का?”

दोघी एकाच माहेरगावच्या. लग्नं होऊन शेजारशेजारच्या गावांत आलेल्या. पण कितीतरी वर्षांत एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं. वर्ग संपला, सुना घरी गेल्या, तरी त्या दोघी उठायला तयार नव्हत्या.

पुढच्या मंगळवारी केसरबाई सुनेच्या आधी हजर. डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं.

“बाई, मन्हं बी डोकं दुखी ऱ्हायनं!”

डॉक्टर खिडकीतून बघत होते. ते इतके हसले की त्यांना स्टेथोस्कोप काढून ठेवावा लागला.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला नाडी, ताप, जीभ बघायला शिकवलं होतं. घरी बोलायला कोण आहे, हे विचारायला कुणी शिकवलं नव्हतं. नोकरी संपेपर्यंत मी ते प्रत्येकीला विचारत आले. अर्थात तपासणी कधी सोडली नाही. कारण त्या घोळक्यातल्या एकीचं डोकं खरंच दुखत होतं. तिला नंदुरबारला पाठवलं, तेव्हा चष्मा लागला.